वय नव्हे, ताकद मोजा

८५ वर्षांच्या आजोबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला की घरातले म्हणतात, ‘आता या वयात कशाला चिरफाड?’ माया खरी, पण हिशेब चुकतो. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये २८ अभ्यासांचा, ३४ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा आला. वृद्धांमध्ये शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत आणि मृत्यू जास्त होते, हे खरंच. पण त्यांचा आजार अनेकदा उशिरा कळलेला आणि ऑपरेशन तातडीचं होतं. फक्त कॅन्सरने होणारे मृत्यू पाहिले, तर वयोगटांतला फरक बराच कमी भरला. शिवाय गाठ तशीच ठेवली तर ती गप्प बसत नाही. रक्त जातं, आतडं तुंबतं, पोट फुगून उलट्या सुरू होतात आणि तेच ऑपरेशन मध्यरात्री, जास्त धोका पत्करून करावं लागतं.

हृदय, मूत्रपिंडं थकली असतील तर? शंका रास्त आहे, म्हणूनच जन्मतारखेऐवजी ताकद तपासावी: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का, वजन उतरलंय का, स्मरण कसं आहे. केमोथेरपीत मात्र हात आखडता घेणंच बरं. सत्तरीनंतर केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध जोडून फारसा फायदा दिसलेला नाही. आणि आजोबांना काय हवंय, हे त्यांनाच विचारायला हवं, तेही निदान न लपवता.