आनंदाचा आज्ञार्थ

व्याकरणात आज्ञार्थ शिकताना आपण ‘जा’, ‘बस’, ‘लिही’ ही रूपे सहज चालवतो. परंतु एखाद्या दुःखी माणसाला ‘आनंदी हो’ असे फर्मावले, तर तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील. आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. आनंद यावा लागतो, तो आणता येत नाही, अशीच आपणा सर्वांची समजूत असते. नव्या करारातील एका छोट्या पत्रात मात्र हा आज्ञार्थ पुन्हा पुन्हा भेटतो. मी ख्रिस्ती घरात वाढलो. हे पत्र लहानपणापासून कानांवर पडत आले. पण त्यातील त्या क्रियापदापाशी थांबण्याचा प्रसंग गेल्या दोन वर्षांत आला.

हे पत्र पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस लिहिले. फिलिप्पै हे मासेदोनियातील रोमन वसाहतीचे शहर. त्याचे अवशेष आज ग्रीसमध्ये कावाला गावाजवळ पाहावयास मिळतात. लिहिताना पौल कैदेत होता. ही कैद कोठली, याविषयी पंडितांत एकमत नाही. परंपरा रोमचे नाव घेते, काही अभ्यासक इफिस किंवा कैसरियाकडे बोट दाखवतात. आपल्या मुद्द्याला त्याने फारसा फरक पडत नाही. सुटका होणार की मरण येणार, हे त्याला ठाऊक नव्हते. बाहेर काही जण त्याला खिजवण्यासाठीच हिरिरीने प्रचार करीत होते. अशा स्थितीतील या चार अध्यायांच्या पत्रात ‘आनंद’ आणि ‘आनंद करणे’ हे शब्द मूळ ग्रीक भाषेत सोळा वेळा येतात.

पण हा माणूस दुःख झाकून ठेवीत नाही. फिलिप्पैकरांची मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता. तो गेला असता तर दुःखावर दुःख कोसळले असते, असे पौल उघड लिहितो. एके ठिकाणी आपण रडत लिहीत आहोत हेही तो सांगतो. म्हणजे त्याचा आनंद हा हसरा मुखवटा नव्हे. दुसरे असे की, आहे त्यात तृप्त असणे हे आपण ‘शिकलो’ असे तो म्हणतो. जे शिकावे लागते ते उपजत नसते. त्याला वेळ लागतो, ते अधूनमधून विसरतेही. आणि शेवटच्या अध्यायात, जे जे सत्य, शुद्ध, श्रवणीय त्याचे मनन करा, असे सांगताना त्याने जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, ते हिशेबाच्या व्यवहारातही चालणारे आहे. मोजणे, जमेस धरणे असा त्याचा अर्थ. भावना आज्ञेने बदलत नाही हे खरेच. पण काय जमेस धरावे हे मात्र सांगता येते. आनंद निवडता येतो तो एवढ्याच अर्थाने, असे मला वाटते.

हे पटण्यास मला घरचा हिशेब उपयोगी पडला. माझ्या वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. दिवसभरात किती पाणी प्यायचे हे डॉक्टरांनी ठरवून दिलेले. आई ते सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवते. दूध, औषधे, रिक्षा हा खर्च ती पूर्वीपासून एका वहीत लिहीत असे. आजारपण सुरू झाल्यापासून तिने त्याच वहीत समोरच्या पानावर ‘जमा’ लिहावयास सुरुवात केली. तिथे रुपये क्वचितच असतात. ‘शेजारच्या काकूंनी भाकरी दिल्या.’ ‘ह्यांना चार तास झोप.’ ‘पाळकसाहेब आले, उपदेश न करता बसले.’ (या शेवटच्या नोंदीचे मोल आजारी घरालाच कळेल.) काही दिवशी जमेचे पान कोरे राहते. तेव्हा ती नुसती एक रेघ ओढते. खोटी रक्कम मांडत नाही. रात्री प्रार्थनेत मात्र आधी जमेचे पान वाचले जाते, मग मागणे. पौलाने काळजीवर सांगितलेला उपायही असाच आहे: मागणे मांडा, पण आभारासहित.

आपल्या महाराष्ट्रातच याचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. आईवडील दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती पटकीने वारले. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले, शेकडो स्त्रियांना आसरा मिळाला. या कार्याची वारस म्हणून जिच्याकडे त्या पाहत होत्या ती एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 च्या जुलै महिन्यात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी ऐकू येत नव्हते. हाती काम होते ते बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्याचे, तेही खेड्यातील साध्या बाईला कळेल अशा भाषेत. ते त्यांनी चालू ठेवले, पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. मुक्तिसदनाच्या छापखान्यात छापलेले ते संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. फिलिप्पैकरांस पत्रावर त्यांची लेखणी कोणत्या मनाने फिरली असेल, याची कल्पना करण्याचे धाडस मी करीत नाही. त्या बसून लिहीत राहिल्या, एवढे पुरे आहे.

एक मित्र म्हणाला, “ही मनाची समजूत झाली.” आक्षेप बिनबुडाचा नाही. दुःखच नाही असे सांगणारा आनंद खरोखर फसवा असतो, आणि तसा उपदेश करणारे धार्मिक लोक मीही पाहिले आहेत. पण बायबलच्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत, त्यांत विलापाची पुष्कळ; आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. संपादकांनी ते गाळले नाही, म्हणून मला त्या ग्रंथाचा विश्वास वाटतो.

मागच्या पावसाळ्यात एकदा डायलिसिसहून परतल्यावर वडिलांना उभेही राहवेना. रात्री प्रार्थनेच्या वेळी त्यांनी स्वतःच ते अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढून सावकाश वाचले. आई म्हणाली, “पुढचंही वाचा ना.” ते म्हणाले, “आज एवढंच.” मग तिने वही उघडली.