विमानाचा रेनकोट!

बाइकवर टाकलेलं कव्हर बाइकलाच खातं, तर घरी बनवलेल्या विमानाचं काय होईल? रोह्याच्या पावसात पडलेला हा हटके प्रश्न आणि कापडाच्या दुकानात सापडणारं त्याचं उत्तर...

जूनची सुरुवात. रोह्याला मावशीच्या अंगणात बाइक लावली, वरून निळी प्लास्टिकची ताडपत्री टाकली, सुतळीने करकचून आवळली आणि दिव्याची गाडी पकडून मी मोकळा झालो. रायगडातला पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास. पण आपली बाइक एकदम सेफ, असा माझा समज!

गणपतीला परत आलो, ताडपत्री ओढली आणि चेहराच पडला. सीटवर पांढरी बुरशी, चेनला गंज आणि टाकीवर बारीक बारीक चरे. मावशी दारातूनच म्हणाली, “अरे, आत घामेजली ती! उघडी ठेवली असतीस तरी वाचली असती.”

त्याच रात्री पेणला जायला निघालो. हेल्मेटही ताडपत्रीखालीच होतं. त्याची व्हायजर रुमालाने खसाखसा पुसली आणि निघालो. नागोठणं ओलांडल्यावर समोरून ट्रक आला आणि त्याच्या दोन हेडलाइट्सच्या दोनशे झाल्या. प्रत्येक चऱ्यात एक दिवा! दोन सेकंद रस्ताच दिसेना. तेव्हा डोक्यात आलं, मी निदान ब्रेक तरी मारू शकतो. हेच एखाद्या पायलटला लँडिंगच्या वेळी झालं तर?

गच्चीवरचं विमान

घरी विमान कोण बनवतं, असं म्हणाल तर कॅप्टन अमोल यादव आठवा. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर या मराठी पायलटने सहा आसनी विमान उभं केलं. फेब्रुवारी 2016 मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया वीक’मध्ये ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याचं रजिस्ट्रेशन झालं आणि उड्डाण चाचण्यांची परवानगी मिळायला 2019 उजाडलं. म्हणजे बनवण्याइतकाच वेळ सांभाळण्यातही जातो, बॉस! मोठ्या एअरलाइन्सकडे हँगर असतात, माणसं असतात. हौशी माणसाकडे मात्र शेड, गच्ची किंवा नुसतं मोकळं आकाश असतं. मग उरतं ते कव्हर.

विमानात सगळ्यात नाजूक कोण? तर कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट. तो काचेचा वाटला तरी छोट्या विमानांत बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा असतो. हे मटेरियल 1930 च्या दशकात बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरच्या कॅनॉपीही त्याच्याच होत्या. हलकं, स्वच्छ, हवा तसा आकार घेणारं... पण काचेपेक्षा खूपच मऊ. सुकी धूळ पुसली की चरे पडलेच. थिनर, पेट्रोल किंवा अमोनियावाला ग्लास क्लीनर लागला तर आतून जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. समोर मावळतीचा सूर्य असला की त्या सगळ्या एकदम चमकतात. धावपट्टी गायब!

कापडाचा फंडा

आता कव्हर घरी शिवायचं ठरवलं, तर कापड कोणतं घ्यायचं? आपल्या ओळखीच्या दुकानांतच चक्कर मारू या.

पहिली आपली लाडकी प्लास्टिकची ताडपत्री. स्वस्त आणि पाणी अडवणारी. पण ती श्वास घेत नाही. बाहेरचा पाऊस आत येत नाही, तशी आतली वाफही बाहेर जात नाही. माझ्या बाइकचं तेच झालं. शिवाय ती कडक असते आणि वाऱ्यावर फडफडली की खालच्या धुळीला सँडपेपर बनवते.

दुसरं सुती कॅनव्हास. श्वास घेतं, उन्हात टिकतं. पण कोकणातल्या पावसात भिजून जड होतं, वाळायला चार दिवस घेतं आणि तोवर बुरशी हजर! वापरायचंच तर आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर शिवलेलं कव्हर पहिल्याच पावसात आखूड होईल.

तिसरं नायलॉन. हलकं, घडी छोटी, प्रवासात नेायला सही. पण रोजच्या उन्हात त्याचा धागा लवकर कमजोर होतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या विमानासाठी त्यापेक्षा कोटिंग केलेलं पॉलिएस्टर बरं.

चौथं, धाग्यातच रंग मुरवलेलं अ‍ॅक्रिलिक कापड. बोटींच्या कव्हरला आणि हॉटेलांच्या बाहेरच्या छतांना वापरतात ते. श्वास घेतं, उन्हाला दाद देत नाही, पाणीही बऱ्यापैकी अडवतं. खिशाला मात्र चांगलाच चटका बसतो आणि घडी जाडजूड होते.

दुकानदार ‘300 डी’, ‘600 डी’ म्हणाला तर गोंधळू नका. डी म्हणजे डेनियर. 9,000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण जाड म्हणजे बेस्ट असं नाही. जड कव्हर चढवता-उतरवताना कॅनॉपीवरून फरफटतं आणि मग एक दिवस कंटाळा येऊन आपण ते घालणंच सोडतो. रंग फिका किंवा चंदेरी घ्या. बंद कॅनॉपी उन्हात अक्षरशः काचघर होते आणि आतली उपकरणं भाजून निघतात.

खरी गोम अस्तरात

आपण सगळे बाहेरच्या कापडावर खल करतो, पण कॅनॉपीला टेकतं ते आतलं कापड! ते मऊ हवं आणि स्वच्छ ठेवता आलं पाहिजे. सुती फ्लॅनेल हाताला मस्त लागतं, पण ओल आणि रेतीचे कण दोन्ही धरून ठेवतं. मऊ मायक्रोफायबर लवकर वाळतं, त्यामुळे दमट हवेत तेच बरं. आणि अस्तर जमिनीवर पडलं, तर झटकून नाही, धुऊनच परत वापरायचं.

आणखी एक गोष्ट. नाकावरच्या किंवा पंखाखालच्या पिटो ट्यूबलाही छोटी टोपी शिवा. हवेच्या दाबावरून वेग सांगणारी ही नळी. आपल्याकडे खिडकीच्या भोकात मातीचं घर बांधणारी कुंभारीण माहितीय ना? 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बर्गेनएअरचं विमान समुद्रात कोसळलं आणि 189 जण गेले. विमान बरेच दिवस उभं होतं, पिटो ट्यूब झाकलेल्या नव्हत्या. तपासात संशय गेला तो अशाच माशीच्या घरावर. चार इंच कापडाची किंमत कधीकधी एवढी असते. त्या टोपीला लांब लाल पट्टी लावतात, ती उड्डाणाआधी काढायला विसरू नये म्हणून.

शिवायला बसण्याआधी...

- आधी कागदाचा साचा करून कॅनॉपीवर बसवून बघा. कव्हर अंगाबरोबर बसलं पाहिजे. ढगळ कव्हर फडफडतं.
- दोरा पॉलिएस्टरचा, उन्हात टिकणारा. सुती दोरा कापडाच्या आधी कुजतो.
- शिवण माथ्यावर नको, बाजूला घ्या. सुईच्या भोकांतूनच पाणी आत येतं.
- पट्टे पोटाखालून घ्या. बकल प्लास्टिकची आणि कॅनॉपीपासून लांब.
- कव्हर घालण्याआधी कॅनॉपीवर भरपूर पाणी ओता, सौम्य साबणाने हाताने धुवा, मऊ सुती कापडाने टिपा. धुळीवर कव्हर कधीच नाही!
- ऊन पडलं की कव्हर काढा, दोघांनाही वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी पेणच्या एका कारखान्यातून गणपती घेतला. मूर्तीच्या तोंडावर आधी मऊ सुती रुमाल, मग त्यावर पावसासाठी प्लास्टिक. आणि घरी पोहोचल्या पोहोचल्या प्लास्टिक आधी काढायचं, ही आजोबांची ताकीद. आत मऊ, बाहेर पाणी अडवणारं, आणि काम झालं की मोकळी हवा. मी पुस्तकं आणि मॅन्युअल्स चाळून जो फंडा शोधला, तो आजोबांना आधीपासूनच ठाऊक होता.

मावशीची निळी ताडपत्री आता लाकडांवर असते. बाइकसाठी मी अस्तरवालं कव्हर शिवून घेतलंय. आणि हो, व्हायजर नवीन बसवली. रुमाल मात्र खिशातच राहतो, आधी पाणी!