हिवाळ्यातल्या उन्हाचं हरवलेलं नाव

ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनिस उन्हाला बसला होता. सिकंदर समोर येऊन उभा राहिला आणि काय हवं ते माग म्हणाला. जरा बाजूला सर, ऊन अडवू नकोस, एवढंच त्यानं मागितलं. ही गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना रोमन लेखक सिसेरोनं डायोजिनिसच्या बसण्यासाठी खास क्रियापद वापरलं: ‘अप्रिकारी’, म्हणजे ऊन खात बसणं.

याच कुळातला ‘अप्रिकस’ म्हणजे ऊन लागणारी, उन्हानं तापलेली जागा. त्यावरून इंग्रजीत ‘ॲप्रिसिटी’ आला. हेन्री कॉकरमनं १६२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशात त्याचा अर्थ दिला आहे, हिवाळ्यातल्या सूर्याची ऊब. लॅटिन शब्दाला ऋतूचं बंधन नव्हतं. हिवाळा त्यात इंग्रजीनं घातला. ते स्वाभाविकही वाटतं. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये भरदुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम पंधरा अंश वर येतो आणि दिवस आठ तासांहून लहान असतो.

अशा थंडीत हवा गार आणि गालावर मात्र ऊब, हे कसं? सूर्याची उष्णता किरणांतून येते. वाटेतली हवा तिनं फारशी तापत नाही, कातडी मात्र लगेच तापते. म्हणून सावलीत एक पाऊल टाकलं की ऊब तत्काळ नाहीशी होते. ऊब देणारे हे किरण सगळेच दिसतात असंही नाही. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं १८०० मध्ये लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तापमापक तांबड्या रंगाच्याही पलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे ठेवला. पारा चढला. अवरक्त किरण सापडले ते असे.

कॉकरमचा कोश अवघड शब्दांचा होता. विद्वानांनी लॅटिनवरून घडवलेले त्यातले कित्येक शब्द लोकांच्या तोंडी बसलेच नाहीत. ॲप्रिसिटीचंही तसंच झालं, आणि हे इंग्रजीचं खरंखुरं नुकसान आहे. ‘सनशाइन’मध्ये चमक आहे, ऊब नाही. मराठीत ही फारकत मुळातच नाही. आपलं ‘ऊन’ संस्कृत ‘उष्ण’पासून आलेलं, अंगणात पडतं ते ऊन आणि ताटात वाढलेला ऊन ऊन भातही त्याच शब्दाचा. ‘कोवळं ऊन’ म्हटलं की प्रकाशाआधी पाठीला लागणारी ऊबच आठवते.

इंग्रजीत या लॅटिन उन्हाची एक खूण बहुधा फळाच्या नावात उरली आहे. जर्दाळूचं मूळ नाव लॅटिनमधलं, ‘लवकर पिकणारं’ अशा अर्थाचं. ग्रीकमार्गे ते अरबीत ‘अल्-बर्कूक’ झालं, तिथून स्पेन-पोर्तुगालकडे गेलं आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘ॲब्रेकॉक’ म्हणून उतरलं. पण हे फळ ‘अप्रिकस’ जागी, म्हणजे भर उन्हात पिकतं म्हणून त्याचं हे नाव, अशी तेव्हाच्या काही पंडितांची समजूत होती. व्युत्पत्ती चुकीची, तरी ‘ॲब्रेकॉक’मधल्या ‘ब’चा ‘प’ होऊन ‘ॲप्रिकॉट’ झालं त्यामागे तीच असावी.