विश्लेषण : वाड्याच्या जुन्या सागवानातून गिटार घडते का?

जुना वाडा उतरवला की त्याच्या तुळया, कड्या, चौकटी आणि दारे वखारीत येतात. तिथून बरेचसे लाकूड टीपॉय, डायनिंग टेबल किंवा हॉटेलच्या सजावटीकडे वळते. हेच लाकूड ॲकॉस्टिक गिटारसाठी चालेल का? उत्तर ‘हो’ आहे. पण गिटारच्या कोणत्या भागासाठी, यावर सगळे अवलंबून आहे.

गिटारचा आवाज नेमका कुठून येतो?

तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिची कंपने ब्रिजमधून पुढच्या पातळ पाटात उतरतात आणि तो पाट हवा हलवतो. सतारीच्या भाषेत ही ‘तबली’. गिटारची तबली साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाड असते. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो भरतो. म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका ताण या पापुद्र्याने वर्षानुवर्षे सोसायचा आणि तरीही मोकळेपणाने थरथरायचे. गिटार बनवण्यातली सगळी कसरत या एका विरोधात आहे. म्हणूनच आतून पट्ट्या, म्हणजे ब्रेस, चिकटवल्या जातात. स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये त्या बहुधा इंग्रजी ‘एक्स’च्या आकारात असतात.

तबलीचे महत्त्व स्पेनच्या अंतोनियो दे तोर्रेस या कारागिराने १८६२ मध्येच दाखवून दिले होते. त्याने एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. तबली मात्र स्प्रूसची ठेवली. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

मग सागवान कुठे बसते?

स्प्रूसची घनता घनमीटरला साधारण ४२५ किलो, तर सागवानाची ६५० किलोच्या आसपास. दोघांचा ताठरपणा मात्र जवळपास सारखाच. थोडक्यात, सागवानाची तबली तेवढीच ताठ ठेवायची तर ती दीडपट जड होते आणि जड तबली आळशी असते. ‘मग पातळ करा’ असे कोणी म्हणेल. पण पाटाचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्के कमी केली की ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात पाठ केलेले हे सूत्र इथे रंध्याच्या प्रत्येक हाताबरोबर जाणवते.

त्यामुळे सागवान पाठ, बाजू आणि दांडीसाठी वापरावे. तबलीसाठी स्प्रूस आणावे किंवा जुन्या खोक्यांमधले हलके, सरळ रेषांचे पाइन निवडावे. हे हास्यास्पद वाटत असेल तर अमेरिकेच्या टेलर कंपनीचे उदाहरण बघा. १९९५ मध्ये तिथे बॉब टेलर यांनी माल वाहण्याच्या ओकच्या पॅलेटपासून पाठ व बाजू आणि भंगारातल्या साध्या इमारती लाकडाच्या पट्ट्या जोडून तबली बनवली. खिळ्यांची भोके लपवली नाहीत. उलट त्यात ॲल्युमिनियमच्या चकत्या बसवल्या.

पाठीच्या लाकडाने आवाज बदलतो का?

दुकानात तरी तसेच सांगतात. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी सहा गिटार बनवून घेतल्या. फरक फक्त पाठ आणि बाजूंच्या लाकडाचा होता. ५२ वादकांनी वेल्डरचे गॉगल लावून, मंद उजेडात त्या वाजवल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सर्व गिटारना मिळालेले गुण जवळपास सारखेच होते आणि दुर्मीळ ब्राझिलियन रोझवूडला वेगळा मान मिळाला नाही.

हा मुद्दा केवळ कानांचा नाही. ब्राझिलियन रोझवूडच्या व्यापारावर ‘साइट्स’ करारान्वये १९९२ पासून कडक बंदी आहे. २०१७ मध्ये आपल्या शिसवीसह त्या कुळातली उरलेली झाडेही नियंत्रणाखाली आली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. वखारीत पडलेले सागवान पाठीसाठी पुरेसे असेल, तर नव्या झाडाला हात का लावायचा?

जुने लाकूड खरेच चांगले असते का?

काही अंशी. दशकानुदशके उभ्या असलेल्या लाकडातला हेमिसेल्युलोज हळूहळू विघटित होतो. त्यामुळे ते ओलावा कमी शोषते आणि कमी वाकते. पण शंभर वर्षांची तुळई पावसात भिजत पडली असेल, तर वयाचा काही उपयोग नाही.

घडवताना गाडे कुठे अडते?

पहिला शत्रू खिळा. तुटलेल्या खिळ्याचे टोक आत राहिले की करवतीचे पाते जाते, कधी डोळाही. चिरण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवावा. दुसरा धोका रंगाचा. जुन्या दारांच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. असा रंग घरात, मुलांच्या आसपास घासू नये.

मग रुंदी. तबलीचा किंवा पाठीचा अर्धा भाग सुमारे २० सेंटिमीटर रुंद लागतो. एकच जाड फळी मधून चिरून पुस्तकासारखी उघडायची आणि मधोमध जोडायची, ही रूढ पद्धत. कडी एवढी रुंद नसते, म्हणून तीन-चार पट्ट्या जोडाव्या लागतात. त्यात कमीपणा नाही. मात्र वाढीच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला उभ्या असायला हव्यात. आडव्या रेषांची फळी हवामानाबरोबर जास्त फुगते.

बाजूंच्या पट्ट्या दोन मिलिमीटरपर्यंत उतरवून, ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवतात. उष्णतेने लाकडातला लिग्निन मऊ होतो. इथे घाई केली की पट्टी कमरेच्या वळणावर कडकन तुटते. सागवान तेलकट असल्याने सरस किंवा पांढरा डिंक नीट धरत नाही. जोड लावण्याच्या काही मिनिटे आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावा लागतो.

आणि पावसाळा! ब्रेस तबलीच्या रेषांना आडव्या चिकटवलेल्या असतात. लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळपास नाही. जुलैत ८० टक्के आर्द्रतेत ब्रेस चिकटवल्या, तर मार्चमध्ये तबली आकसू पाहते, ब्रेस तिला अडवते आणि मधोमध तडा जातो. ४५ ते ५० टक्के आर्द्रता हे या कामाचे हवामान. ते मिळत नसेल तर पावसाळ्यात दांडी कोरावी, ब्रेसना हात लावू नये.

फ्रेट कुठे बसवायचे?

इथे लाकूड नवे की जुने, काही फरक पडत नाही. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागायचे. पहिला फ्रेट वरच्या नटपासून ३६.४ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की पुढचे अंतर ३४.३. बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, ३२४ वर पडतो. हिशेब असा टप्प्याटप्प्याने करा, पण खुणा मात्र प्रत्येक वेळी नटपासून मोजा. आधीच्या फ्रेटपासून मोजत गेल्यास अर्ध्या मिलिमीटरच्या चुका साचत जातात आणि वरच्या पट्टीत वाद्य बेसूर होते.

तारा शेवटी, त्याही हळूहळू ताणायच्या. ब्रिजच्या मागे तबली किंचित फुगते. एक-दोन मिलिमीटरचा फुगवटा अपेक्षितच असतो. पुढच्या आठवड्यांत तो वाढतच राहिला, तर तारा सैल करून, गोल भोकातून छोटा आरसा आत घालून ब्रेस सुटली आहे का ते पाहावे.