रिव्हरवरची मोठी बोली: पैसे घालायचे की पत्ते टाकायचे?

नाहूरच्या सोसायट्यांत गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळून तयार झालेला माणूस पोकरला बसला, की अडतो रिव्हरवर. पाचवा, शेवटचा पत्ता उघडलेला. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या राशीत, चार हजार, आणि समोरच्याने तेवढेच आणखी पुढे सरकवलेले. तीन पत्तीत चालीला मर्यादा असते, इथे अख्खी रास अंगावर येऊ शकते.

गैरसमज पहिला, आणि सगळ्यांत महागडा: निम्म्याहून जास्त खात्री असेल तरच कॉल करावा, म्हणजे बोलीइतके पैसे घालावेत. हिशेब मांडून बघा. चार हजार घालून आपण आठ हजार मागतो आहोत. दोनदा हरलो तर आठ गेले, तिसऱ्यांदा जिंकलो तर आठ आले. म्हणजे तिनांत एकदा जिंकलो तरी बरोबरी. बोली अर्ध्या पॉटची असेल तर चारांत एकदा, दुप्पट असेल तर पाचांत दोनदा.

‘एवढे घातलेत, आता कसे सोडू?’ घातलेले आता आपले नाहीत. ते पॉटमध्ये मोजून झाले.

‘हात थरथरतोय, म्हणजे थापच!’ माइक कॅरो या अमेरिकन जाणकाराने उलटच नोंदवले आहे: जोरदार पत्ते लागले, ताण सुटला, की हात थरथरतो. चेहऱ्यापेक्षा आधीच्या बोली आठवाव्यात, आणि आपले पत्ते बघावेत. टेबलावर तीन इस्पिक आहेत आणि इस्पिकचा एक्का आपल्याकडे असेल, तर सर्वांत मोठा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) समोरच्याकडे असूच शकत नाही. पण तोच एक्का धरून थाप मारायचीही त्याला सोय नाही, हे बरेच जण विसरतात. घरगुती डावात मात्र रिव्हरची मोठी बोली बहुधा खरीच असते, असे माझे मत.

थाप निघाली म्हणजे पत्ते टाकणे चुकले, असेही नाही. 2003 च्या पोकर वर्ल्ड सिरीजमध्ये ख्रिस मनीमेकरने रिव्हरवर सगळ्या चिप्स लावल्या, हातात नुसता राजा. सॅमी फार्हाकडे नव्वांची जोडी होती, त्याने ती टाकली. मनीमेकर पुढे स्पर्धा जिंकला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. फार्हाचा निर्णय तपासायचा तर तेव्हा त्याला काय दिसत होते ते बघावे लागेल. मनीमेकरचे पत्ते त्याला दिसत नव्हते.

राहिला कायदा. ‘कौशल्याचा खेळ, म्हणून मोबाइलवर चालतो’ हे आता खरे नाही. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. महाराष्ट्राचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. त्यामुळे कॅसिनोसाठी गोव्यात मांडवी नदीतल्या बोटी गाठाव्या लागतात. तिथे पॉटमधून कॅसिनो आपला वाटा कापतो. तो पाच टक्के धरला, तर वरच्या बारा हजारांतून सहाशे जातात, आणि तिनांत एकदा जिंकणे पुरत नाही. शंभरांत पस्तीसच्या वर लागते.