अच्छेर, पावशेर आणि दहा लाख पायऱ्या

टेबलावर सोळा रेझिस्टरांची एक छोटी शिडी आहे. एका बाजूने तिला आकडा द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने व्होल्टेज घ्यायचे. आकडा शून्यापासून २५५ पर्यंत एकेकाने वाढवत नेला, की व्होल्टेजही दर वेळी साधारण २० मिलिव्होल्टने वर चढायला हवे. तसे ते चढतेही. १२५, १२६, १२७... मीटर २.४९३ व्होल्ट दाखवतो. मग १२८ द्यायचे. मीटर २.४८८ वर येतो. आकडा वाढला आणि व्होल्टेज मात्र उतरले.

कराडच्या विद्यानगरात, माझ्या खोलीवर इलेक्ट्रॉनिक्स शिकायला येणाऱ्या मुलांपुढे मी पहिल्यांदा हीच शिडी ठेवतो. १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय याच परिसरात आहे आणि मुलांना सूत्रे पाठ असतात. तरीही ती दोनदोनदा मीटर बघतात, वायरी हलवून पाहतात. दोष वायरीत नसतो. सोळापैकी सर्वांत वरचा एकच रेझिस्टर मी २० ऐवजी २०.२ किलोओहमचा लावलेला असतो. चूक एवढीच, शेकडा एक.

या शिडीचे नाव डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक. संगणकाकडे फक्त आकडे असतात. बाहेरचे जग मात्र सलग असते. इथून जवळच्या ओगलेवाडीत ज्या प्रभाकर कंदिलाची काच घडली, त्या कंदिलाची चावी फिरवली की वात हळूहळू वर येते आणि उजेड हळूहळू वाढतो, मध्ये पायरी कुठेच नसते. आकड्यांतून असा उजेड, आवाज किंवा मोटारीची गती काढायची, तर मध्ये डॅक लागतोच. मोबाइलमधले गाणे त्याच्यातूनच आपल्या कानापर्यंत येते.

त्याचे काम जुन्या किराणा दुकानातल्या वजनांसारखे चालते. शेराच्या खाली अच्छेर, त्याच्या खाली पावशेर, मग नवटाक, मग छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. एवढ्या मोजक्या वजनांत दुकानदार छटाकाच्या पटीतले कोणतेही माप तोलून द्यायचा. डॅकमधला प्रत्येक बिट हे असेच एक वजन आहे. सर्वांत मोठा बिट म्हणजे अच्छेर, त्याखालचा पावशेर आणि असेच खाली. आकडा एवढेच सांगतो, की कोणती वजने पारड्यात टाकायची आणि कोणती बाजूला ठेवायची.

आता १२७ आणि १२८ कडे पुन्हा पाहू. १२७ म्हणजे अच्छेर सोडून बाकीची सगळी लहान वजने पारड्यात. १२८ म्हणजे ती सगळी काढून एकटे अच्छेर. अच्छेर जरा झिजलेले असेल, तर सगळ्या लहान वजनांची बेरीज त्याच्यावर मात करते. माझ्या शिडीत नेमके तेच झाले.

वजने निम्मी करत नेण्याची सोपी वाट म्हणजे दर बिटाला आधीच्याच्या दुप्पट रेझिस्टर लावणे. पण पहिला १० किलोओहमचा धरला, तर विसाव्या बिटापर्यंत तो सव्वापाच अब्ज ओहमवर जातो. एवढा मोठा आणि तोही अचूक रेझिस्टर कोण बनवणार? शिडीने हा प्रश्न सुंदर सोडवला आहे. तिच्यात दोनच किमती लागतात, एक आर आणि दुसरी त्याची दुप्पट. दर सांध्यावर प्रवाहाला दोन सारख्या वाटा दिसतात, म्हणून तो बरोबर निम्मा होऊन पुढे सरकतो. निम्म्याचे निम्मे, त्याचे निम्मे. माप आपोआप पडत जाते.

आठ बिटांत २५६ पायऱ्या होतात. गाण्याच्या सीडीला १६ बिट असतात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. अचूक मोजमापाच्या कामाला २० बिटांचे डॅक वापरतात. त्यांच्या पायऱ्या १०,४८,५७६. दहा व्होल्टचे एवढे तुकडे केले की एक पायरी साडेनऊ मायक्रोव्होल्टची उरते. वजनांच्या भाषेत सांगायचे तर एक किलो वीसदा निम्मे केले की हातात एक मिलिग्रॅमही उरत नाही. आणि अर्ध्या किलोचे मोठे वजन तेवढ्याच, मिलिग्रॅमच्या बारकाईने खरे असावे लागते. नाहीतर शेवटच्या बारीक वजनाला काही अर्थ राहत नाही.

या कलेचे मर्म माझ्या मते इथेच आहे. पायऱ्या वाढवणे सोपे. प्रत्येक पायरी आपल्या जागी, आज, उद्या आणि ऐन उन्हाळ्यात तिथेच राहणे, हे अवघड.

वीस बिटांची साधी शिडी बांधली, तर वरचा रेझिस्टर दहा लाखांत दोन भागांपेक्षा जास्त चुकलेला चालत नाही. बाजारातला चांगला मेटल फिल्म रेझिस्टर एका अंशाच्या तापमानफरकाने दहा लाखांत ५० भाग बदलू शकतो. त्याच्या शेजाऱ्यापेक्षा तो एका अंशाच्या पंचविसाव्या भागाने तापला, तरी हिशेब बिघडला. म्हणूनच मोठे कारागीर अच्छेरावरच विसंबत नाहीत. अॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीने २०१० साली एडी ५७९१ हा २० बिटांचा डॅक आणला. त्यात वरच्या सहा बिटांना वेगवेगळी वजने नाहीतच. त्यांच्या जागी ६३ सारखे रेझिस्टर आहेत आणि खालच्या १४ बिटांना शिडी आहे. वरच्या सहा बिटांचा आकडा वाढला की ६३ मधला आणखी एक जोडला जातो, आधी जोडलेला एकही निघत नाही. मोठे वजन टाकताना फक्त खालच्या १४ बिटांची छोटी रास उचलावी लागते, म्हणून मधली ती जीवघेणी उडी टळते.

पण असा डॅक विकत आणला म्हणजे काम झाले, असे नाही. खरे काम त्याच्याभोवती सुरू होते.

पहिला प्रश्न, दहा व्होल्ट म्हणजे नेमके किती? डॅक फक्त वाटणी करतो. ज्याची वाटणी करायची ते मूळ माप, म्हणजे रेफरन्स व्होल्टेज, आपणच द्यायचे असते. या कामात एलटीझेड १००० हे नाव आदराने घेतले जाते. त्याच्या पोटात झेनर डायोड चिपच्या पृष्ठभागाखाली पुरलेला असतो आणि शेजारीच एक हीटर असतो. हीटर चिपला कायम एकाच तापमानावर ठेवतो, त्यामुळे साधारण सात व्होल्टचे त्याचे माप एका अंशाला दहा लाखांत ०.०५ भागाच्या आसपासच हलते. मात्र हीटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. वातानुकूलित प्रयोगशाळेत त्याचे तापमान ४५ अंशांवर ठेवून चालते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खोलीच चाळिशीकडे जाते आणि बंद पेटीत आणखी काही अंश चढतात. ४५ वर ठेवलेला हीटर तेव्हा बंद पडतो आणि माप उन्हाबरोबर वाहू लागते. म्हणून इथे ते ६० च्या वर ठेवावे लागते. परदेशी आकृती जशीच्या तशी उतरवून भागत नाही, ते असे.

दुसरा शत्रू डाखात लपलेला असतो. दोन वेगळे धातू जिथे भेटतात आणि तिथल्या तापमानात फरक असतो, तिथे बारीकसे व्होल्टेज तयार होते. तांबे आणि काही सुट्या भागांच्या पायांतला कोव्हार हा मिश्रधातू यांच्यात एका अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे आपल्या चार पायऱ्या. तांब्याचा सांधा काळा पडून त्यावर ऑक्साइड चढले, तर एका अंशाला हजार मायक्रोव्होल्टपर्यंत. एकदा संध्याकाळी माझ्या मीटरचे शेवटचे दोन आकडे काही केल्या ठरेनात. अर्धा तास मी सगळे सांधे तपासले. शेवटी डोक्यावरचा पंखा बंद केला आणि आकडे शांत झाले. वारा बोर्डाच्या एका कडेला जास्त लागत होता, एवढेच. तेव्हापासून बोर्डावर स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा पालथा असतो. डबा ठेवला की तासभर त्याला हात लावायचा नाही, आणि मगच आकडा वहीत लिहायचा.

तिसरी गोष्ट वाटेची. बोर्डावरची तांब्याची पट्टी एक मिलिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर लांब असली, तर तिचा रोध साधारण १० मिलिओहम भरतो. त्यातून एक मिलिअँपिअर वाहिला की १० मायक्रोव्होल्ट वाटेतच सांडतात. एक आख्खी पायरी गेली. यावरचा इलाज जुना आणि साधा आहे, चार तारांची जोडणी. दोन तारा प्रवाह वाहतात, उरलेल्या दोन फक्त पाहतात. पाहणाऱ्या तारांतून प्रवाह जवळजवळ जातच नाही, म्हणून त्या खरे सांगतात.

एवढ्या खटाटोपाचे कराडला काय? या गावाला तर तो इतर अनेक गावांपेक्षा जवळचा आहे. प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरून भेटणारी कोयना पश्चिमेकडून जिथून येते, तिथे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर जमीन हादरली. त्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. धरणाच्या जलाशयाशी जोडल्या जाणाऱ्या भूकंपांत जगभर आजही त्याचे नाव पहिल्यांदा येते. त्यानंतर तिथले लहान-मोठे धक्के थांबलेले नाहीत. त्यांचा अभ्यास करण्यासाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला उभी राहिली. पाटण तालुक्यातल्या गोठणे इथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत काळा पाषाण आणि त्याखाली ग्रॅनाइट. ज्या खोलीवर भूकंप जन्म घेतात, तिकडे चाललेली ती वाट आहे.

जमिनीचे बोलणे मोजणे ही बारीक मापाची कसोटी आहे. भूकंपाच्या मापनात एक अंक वाढला, की कंपाचा विस्तार दहापट होतो. एकच्या धक्क्यापासून सहाच्या धक्क्यापर्यंतचे अंतर लाखपटीचे झाले. १६ बिटांच्या ६५ हजार पायऱ्या तिथे अपुऱ्या पडतात, म्हणून भूकंपमापनात २४ बिटांची यंत्रे लागतात, पायऱ्या एक कोटी ६७ लाखांवर. ही यंत्रे डॅकच्या उलट, व्होल्टेजचा आकडा करतात. पण त्यांच्या काळजात डॅकच असतो. डेल्टा-सिग्मा पद्धतीच्या साध्या रूपात तो एका बिटाचा असतो. त्याला दोनच टोके असतात आणि तो त्या दोहोंमध्ये अतिशय वेगाने ये-जा करतो. कोणत्या टोकावर किती वेळ राहिला, यावरून माप ठरते. दोन बिंदूंमधून जाणारी रेषा सरळच असते, म्हणून इथे झिजलेल्या अच्छेराची भीती उरत नाही. वजनांच्या जागी काळ वाटून दिला जातो, आणि काळ मोजणारा क्वार्ट्झ स्फटिक स्वस्तात मिळतो.

शिवाय भूकंपमापक खरे बोलतो की नाही, हेही अधूनमधून विचारावे लागते. त्यासाठी त्याच्या कॅलिब्रेशन कॉइलमध्ये डॅकच्या मदतीने मोजूनमापून प्रवाह सोडतात. आतले वजन तेवढ्याने किती हलते, ते पाहतात. इथे डॅक खोटा असेल, तर जमिनीबद्दलची पुढची सगळी वाक्ये खोटी होतात. ज्या खोऱ्यातल्या माणसांनी पहाटेच्या अंधारात घरे कोसळताना ऐकली, तिथल्या मुलांना हे काम मनापासून यावे, असे मला फार वाटते.

म्हणून शेवटी मी त्यांना पुन्हा त्या सोळा रेझिस्टरांच्या शिडीकडे आणतो. महागड्या चिपशिवाय ती सुधारायची. १० किलोओहमचे शंभर रेझिस्टर एकाच गठ्ठ्यातून आणायचे. प्रत्येकाला चिमट्याने धरायचे, कारण बोटांची ऊबसुद्धा आकडा हलवते. मोजायचे, कागदावर लिहायचे आणि एकमेकांशी सर्वांत जवळचे पंचवीस निवडायचे. दुप्पट किंमत हवी तिथे दोन जोडून लावायचे. एकाच जातीचे असल्यामुळे ते बहुधा तापतातही सारखे आणि निवतातही सारखे, त्यामुळे प्रत्येकाची किंमत हलली तरी वाटणी तशीच राहते. हे करण्यात सगळी दुपार जाते. मग डबा पालथा घालायचा आणि थांबायचे.

१२७. मीटर २.४८० दाखवतो.

कोणीतरी १२८ देते. २.५००.