‘वुई’ म्हणजे कोण कोण?

ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अडाजणमधल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या घरांत छातीइतकं पाणी होतं. ते ओसरल्यावर चिखल उपसताना कळलं, की गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर कामातून गेली आहे. आमचे सेक्रेटरी मूळचे केरळचे, बँकेतून निवृत्त झालेले. इमारतीत गुजराती, मराठी, मारवाडी अशी सगळीच बिऱ्हाडं, म्हणून त्यांनी इंग्रजीत दोन ओळींची सूचना लिहिली. नव्या मोटरचा खर्च ‘वुई’ करणार, एवढाच तिचा मजकूर. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे तिचं मराठी आणि गुजराती करायचं काम माझ्याकडे आलं. मराठीत मी ‘आम्ही’ लिहिलं, गुजरातीत ‘अमे’. शाळेत मी तसंच शिकले होते आणि तसंच शिकवतही होते : वुई म्हणजे आम्ही.

आठवड्यानं घरोघरी वर्गणी मागायला गेलो. तळमजल्यावरच्या सुरती शेजारणीचं वर्षाचं धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं पाण्यात गेलं होतं. तिनं दारातच मला विचारलं, “बेन, तमे ‘अमे’ लख्युं हतुं, हवे ‘आपणे’ केम थई गयुं?”

तिचं म्हणणं रास्त होतं. सूचनेखाली कमिटीची सही होती. कमिटी जेव्हा ‘अमे खर्च करू’ म्हणते, तेव्हा वाचणाऱ्याला खर्च नाही, असाच अर्थ गुजरातीत होतो, आणि मराठीतही. त्या संध्याकाळी मी सेक्रेटरींना हे सांगितलं. ते म्हणाले, “मल्याळममध्ये लिहिली असती तर मी ‘नम्मळ’ लिहिलं असतं. ‘ञङ्ङळ’ माझ्या मनातही नव्हतं.” मल्याळममध्ये नम्मळ म्हणजे आपण आणि ञङ्ङळ म्हणजे आम्ही. लिहिणाऱ्याच्या भाषेत हा भेद होता, वाचणाऱ्यांच्याही भाषांत होता. मधल्या इंग्रजीत तो पुसला गेला, आणि तो परत भरताना मी चुकीचा शब्द निवडला.

हा भेद आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे, की तो असतो हेच लक्षात येत नाही. शेजारणीला ‘आम्ही उद्या अमळनेरला जाणार’ म्हटलं, तर ती म्हणेल, सांभाळून जा. ‘आपण उद्या अमळनेरला जाऊ’ म्हटलं, तर ती पिशवी भरायला घेईल. ऐकणारा आत असेल तर आपण, बाहेर असेल तर आम्ही. गुजरातीत आपणे आणि अमे. सुरतेच्या कापड बाजारातले राजस्थानी व्यापारी घरी आपां आणि म्हे म्हणतात. लिंबायतेतली तेलुगू विणकर कुटुंबं मनम आणि मेमु म्हणतात. हिंदीत मात्र दोन्हींना एकच ‘हम’, आणि भोजपुरी बोलणारा कामगार तर एकट्या स्वतःलाही ‘हम’च म्हणतो. या शहराच्या एका रस्त्यावर ‘आम्ही’ची अशी किती रूपं ऐकू येतात!

संस्कृतात हा भेद नव्हता. तिथं दोघांसाठी ‘आवाम्’ आणि अनेकांसाठी ‘वयम्’ होतं. किती जण, एवढंच त्यातून कळायचं. ऐकणारा त्यांत आहे की नाही, हे कळत नसे. आपलं ‘आम्ही’, गुजराती ‘अमे’ आणि हिंदी ‘हम’ ही प्राकृत ‘अम्हे’ची लेकरं. ‘आपण’ आलं ‘आत्मन्’पासून, म्हणजे ‘स्वतः’पासून. ‘आपण स्वतः बघावं’ यात तो मूळ अर्थ अजून आहे. द्राविडी भाषांत हा भेद जुना आहे. त्यांच्या शेजारात शतकानुशतकं राहून मराठी-गुजरातीनं तो उचलला असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञांचं मत आहे. युरोपातल्या पंडितांना हे प्रकरण नवं होतं. पेरू देशातल्या केचुआ भाषेचं व्याकरण दोमिंगो दे सांतो तोमास या स्पॅनिश धर्मगुरूनं १५६०मध्ये छापलं, तेव्हा असे दोन वेगळे शब्द त्यानं नोंदवले होते.

इंग्रजी एका ‘वुई’वर सगळा संसार चालवते. फार पूर्वी तिच्यात ‘आपण दोघं’ किंवा ‘आम्ही दोघं’ अशा अर्थाचा ‘विट’ हा वेगळा शब्द होता, तो तेराव्या शतकापर्यंत लोपला. आता ऐकणाऱ्यानं प्रसंग पाहून अर्थ लावायचा. संघ जिंकला की घरी बसलेला प्रेक्षकही ‘वुई’ जिंकलो म्हणतो. शास्त्रज्ञ एकट्यानं लिहिलेल्या लेखात ‘वुई’ म्हणतो आणि वाचकाला सोबत घेतो. मराठीत तिथं ‘आपण पाहिलं’ हेच शोभतं. नर्स रुग्णाला विचारते, ‘वुई’ गोळी घेतली का? गोळी एकट्या रुग्णाची असते, तरी धीर देण्यासाठी ती स्वतःला त्यात मिसळते. आपल्या दवाखान्यातही ‘आपण आता औषध घेऊ या हं’ असंच म्हणतात. राणी व्हिक्टोरियाच्या १८५८च्या जाहीरनाम्यात राणी एकटी आहे, तरी शब्द ‘वुई’ आहे. त्या ‘वुई’त प्रजेला जागा नाही. त्याचं मराठी ‘आम्ही’च होईल.

एका ठिकाणी मात्र इंग्रजीलाही हा भेद सांभाळता येतो. ‘लेट्स गो’ म्हटलं की चला, आपण जाऊ. ‘लेट अस गो’ सावकाश, सुटं म्हटलं की तोच अर्थ होऊ शकतो, किंवा ‘आम्हांला जाऊ द्या’ असाही होऊ शकतो. वर्गाच्या दारात उभ्या मुलांनी बाईंना ‘लेट्स गो’ म्हटलं तर ती बाईंनाच बरोबर चला म्हणतायत. मी हे उदाहरण दिलं की मुलं हसतात, आणि मग कधी विसरत नाहीत.

सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. माझ्याकडे शिकायला येणारी बरीच मुलं उधना-लिंबायतची. आजोबा जळगाव-धुळ्याहून ताप्ती लाइनच्या गाडीनं इथं लूमवर कामाला आले, घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. ‘हम’च्या सवयीनं त्यांच्या तोंडी हल्ली ‘मॅडम, आम्ही सुरू करू या का?’ असं वाक्य येतं. मला ते टोचतं. मी थांबवते आणि विचारते, मी त्यात आहे की नाही? मुलं क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, ‘आपण.’ हा क्षणभराचा विचार मला व्याकरणाच्या गुणांपेक्षा मोलाचा वाटतो. बोलण्याआधी ऐकणाऱ्याला मोजणं ही आपल्या भाषेनं लावलेली चांगली सवय आहे. ती सुटू नये, असं मला मनापासून वाटतं.

या कामात मला दादोबा पांडुरंग आठवतात. १८३६मध्ये मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पुढं सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवायला आले. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजींसारख्या सुरती मित्रांबरोबर त्यांनी इथं मानवधर्म सभा स्थापली. सारी माणसं एक आणि त्यांचा धर्मही एक, असं ती मानत असे. मराठी माणूस आणि गुजराती माणूस जातीच्या भिंती ओलांडून एका सभेत बसले, म्हणजे दोन ‘आम्ही’ मिळून एक ‘आपण’ झालं.

आमच्या सोसायटीतही सूचना पुन्हा लिहिली. या वेळी मराठीत ‘आपण’, गुजरातीत ‘आपणे’, आणि खाली एक ओळ : तळमजल्यावरच्यांकडून आत्ता काही घ्यायचं नाही. मोटर आली, नळाला पाणी आलं. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी ती शेजारीण वर आली आणि दुमडलेल्या नोटा माझ्या हातात ठेवल्या. मी म्हटलं, तुमची तर यादीत नोंदच नाही. ती म्हणाली, “लखी लो. आपणो पंप छे ने.”

मी वही काढली आणि तिचं नाव लिहिलं.